थाकाडूचं पान

चित्रकाराची गाडी चालवण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल. फोटोवाले दहा मिनिटांत आवरतात. चित्रकार एका झाडापाशी उतरला की दुपार गेलीच म्हणून समजा. एकोणीस वर्षं मी म्मा सेगामेत्सींची गाडी चालवतोय. माउनपासून खाली कलहारीपर्यंत असं एक झाड नसेल, ज्याच्या सावलीत मी त्यांची वाट बघत पेंगलो नाही. यंदा मी त्रेसष्ट पुरी केली. कंबर धरते, क्लच दाबताना गुडघा बोलतो. म्मांनी तर सत्तरी कधीच ओलांडली. ही शेवटची फेरी, असं निघतानाच दोघांचं ठरलं होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

म्मांची एक पद्धत होती. चित्र पुरं झालं की पानाच्या कोपऱ्यात त्या जागा लिहीत, तारीख लिहीत आणि ते जनावर आधी कुणी पाहिलं त्याचं नाव लिहीत. स्वतःची सही त्याखाली, बारीक अक्षरात. ‘मोआगीने पाहिलं.’ बिबट्या, रानकुत्री, वाळूत पुरलेली शहामृगाची अंडी, सगळ्यांच्या कोपऱ्यात मी. “हात माझा, डोळे तुझे,” असं त्या म्हणायच्या. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर गेली. सगळी नाही, मधलीच. ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नाहीसं होतं आणि कडा तेवढ्या उरतात. “तुझ्याकडे बघितलं की तुझं तोंड जातं आणि कान राहतात,” त्या म्हणाल्या होत्या. “तसा तू बरा दिसतोस.”

डॉक्टर म्हणाला, वय झालं. त्यांची धाकटी बहीण म्हणाली, मगर. म्मा मगरीच्या कुळातल्या. आपल्या कुळाचं जनावर मारायचं नाही, खायचं नाही, आणि जुन्या माणसांचं ऐकाल तर त्याच्याकडे पाहायचंही नाही, नाहीतर डोळे जातात. लॉजवाल्यांना भिंतीवर मगरी हव्या असतात, म्हणून म्मांनी चाळीस वर्षांत शेकड्यांनी मगरी रंगवल्या. मी डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि बहिणीचंही. पटलं मात्र बहिणीचं.

कारण मी त्लोक्वा जमातीचा, थाकाडूच्या कुळातला. थाकाडू बिळात राहतं, वारुळं फोडून वाळवी खातं. त्याचा माग मला माझ्या तळहातापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढच्या पायाला चार नखं, मागच्याला पाच, मधून शेपटीची ओढलेली रेघ. जनावर मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकातलं त्याच्या चित्राचं पानसुद्धा मी डोळे मिटून उलटलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून दोनदा टायर बसला. जुलैची थंडी, वारा असा की चहा पेल्यात ओतेस्तोवर गार. दुसरं चाक बदलून मी वाळूतच बसलो, उठायचं जिवावर आलं होतं. म्मांनी बॉनेटवर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार मगविन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ठेवल्या, कडक झालेल्या, दगडाच्या जागी चालतील अशा.

“रा, ये इकडे. हे बघ.” बाईला म्मा, तसं पुरुषाला रा म्हणायची आमची रीत.

नकाशावर लाल फुल्या होत्या. अकरा.

“हे काय, पाण्याच्या जागा?”

“तू गाडी वळवलीस त्या जागा.”

मी हातावरची वाळू झटकू लागलो.

“वाळू मऊ आहे म्हणालास, पुढे काटे आहेत म्हणालास. इथे, या फुलीला, म्हणालास, पुढे रस्ता संपतो. अरे, तिथे रस्ता होताच कुठे संपायला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताजा माग दिसला की मी दरवेळी चाक फिरवायचो, आणि मला वाटायचं मागे बसलेल्या बाईला रंगांच्या डब्याशिवाय काही दिसत नाही.

“एकोणीस वर्षं गप्प का बसलात मग?”

“तुझं कुळ मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माणसाला त्यावरून छळायचं नसतं. आणि वाटायचं, आहे अजून वेळ.” त्यांनी एक मगविन्या उचलून चावून पाहिली आणि परत ठेवली. “आता नाही. सगळी जनावरं झाली, रा. हे एक राहिलं. तू मला फक्त नेऊन सोड आणि पाठ करून बस. तुला कुणी काही म्हणायला नको.”

“तुम्हाला तरी दिसणार आहे का?”

बोललो आणि जीभ चावली. त्या चिडल्या नाहीत.

“कडेकडेने दिसेल. आणि त्यालाही धड दिसत नाही म्हणतात, सगळा कारभार नाकावर. म्हणजे ते माझ्याच जातीचं.”

अंगात त्राण असतं तर मी भांडलो असतो. नव्हतं, म्हणून गाडी सुरू केली.

सर्वांत जवळची फुली तासाभरावर होती. ऊन कलायला लागलं होतं. माग तिथे होता, सकाळचा नव्हे, आत्ताचा. रेघेच्या कडांवरून वाळू अजून घसरत होती. मी वारा पाहून गाडी वाऱ्याखाली लावली, म्मांना घडीची खुर्ची मांडून दिली, पाण्याची वाटी हाताशी ठेवली. मग मागच्या चाकाला टेकून, तोंड फिरवून बसलो.

माझ्यामागे कुणीतरी उकरत होतं. कडक माती नखांनी फुटत होती, मध्येच थांबून फुसकन श्वास सोडल्याचा आवाज यायचा. त्याच्या अलीकडे म्मांची पेन्सिल. पेन्सिल चालायची, थांबायची. रबर घासलं. पान फाटलं. पुन्हा पेन्सिल, पुन्हा पान फाटलं. तिसऱ्या पानावर नुसतीच शांतता.

“रा,” त्या हळूच म्हणाल्या, “गवत दिसतंय सगळं. मध्ये भोक आहे आणि त्या भोकात ते आहे.”

मी समोरच्या झुडपाकडे बघत राहिलो.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “गवतच काढते.”

ब्रश पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. एकोणीस वर्षांत या बाईला मी कागदाला शिव्या घालताना ऐकलं होतं, माश्यांना, वाऱ्याला, मला तर रोजच. ‘राहू दे’ मी कधी ऐकलं नव्हतं.

मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. माग काढणाऱ्याचे डोळे गेले की त्याच्यापाशी काय उरतं? मुलीच्या अंगणातली खुर्ची, आणि कुणी आलं की आवाजावरून ओळखायचं. हे सगळं मनात येऊन गेलं. मग मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि वळलो.

“पाठ वाकलेली आहे,” मी म्हणालो. “मागून उंच, पुढे उतरती.”

म्मांचा ब्रश थांबला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. ब्रश ठेवून पेन्सिल घेतली.

“कान?”

“लांब. गाढवाचे असतात तसे. दोन्ही वेगवेगळे फिरतात, एक आपल्याकडे आहे.”

“डोक्याच्या मानाने?”

“थोडे आखूड. ब्रश घेतलात? वाटी उजवीकडे आहे. शेपूट मुळाशी माझ्या मांडीएवढी, टोकाला काहीच नाही.”

“तोंड?”

“लांबट, खाली डुकराची नाकपुडी.”

“कुरूप आहे?”

“फार,” मी म्हणालो. “बरगड्या मोजता येतात, म्मा. उन्हाचं बाहेर आलंय म्हणजे रात्रीचं पोट भरत नाही त्याचं. दोनदा उकरतं आणि थांबतं. दमलंय ते.”

वडील खूश असले की मला नावाने हाक मारत नसत, थाकाडू म्हणत. मोठेपणी भांडणात छाती पुढे काढून मीही तेच म्हणायचो. मला वाटायचं, केवढं थोरलं काहीतरी असेल. आणि हे इतकं थकलेलं जनावर, मातीने माखलेलं, माझ्यासारखंच मध्येमध्ये दम खाणारं. मला त्याची भीती वाटली नाही. पोटातून माया वाटली, आणि इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ केल्याची लाज वाटली.

ते बिळात उतरेपर्यंत मी बोलत होतो आणि म्मा काढत होत्या.

पान आम्ही बॉनेटवर वाळत ठेवलं. मी नीट पाहिलं. गवत त्यांचं होतं, नेहमीचं, वारा सुटल्यावर झुकणारं. त्यात ते उभं होतं, एक कान आमच्याकडे करून. बरगड्या होत्या. दम खाण्यासाठी थांबलेला पायसुद्धा होता. तो मी सांगितलाही नव्हता.

सप्टेंबरात ही सगळी पानं त्लोक्वेंगमध्ये लागणार होती, म्मांच्या भाचीने तिथलं सभागृह ठरवलं होतं. त्लोक्वेंग माझं गाव. माझा थोरला भाऊ तिथे पंचांत बसतो. तो प्रत्येक पानाचा कोपरा वाचणार, आणि मोठ्याने वाचणार.

म्मांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“कोपरा मला दिसत नाही. तू लिही. जागा, तारीख.”

मी लिहिलं.

“खाली माझं नाव घाल. सेगामेत्सीने पाहिलं म्हण. माझे डोळे तसेही गेलेत, एका जनावराने आणखी काय जाणार आहेत? तुझ्या भावालाही बरं वाटेल.”

त्या म्हणत होत्या तसं लिहिता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. मी पेन्सिलीला टोक केलं, उगाचच, होतं तरी. मग लिहिलं आणि पेन्सिल डब्यात ठेवली.

“काय लिहिलंस?”

“मोआगीने पाहिलं.”

त्यांनी हाताने चाचपत पान उचललं, तोंडाजवळ नेलं, तिरकं धरलं, कडेने काही दिसतंय का ते पाहिलं.

“तुझे डोळे कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“आहेत,” मी म्हणालो. “चला, गाडीत बसा. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागू.”