स्वयंपाकघर दुसऱ्या प्रभागात

शेवंती वारली हे मला मंगळवारी सकाळी साडेनऊला कळलं. त्याच दिवशी नव्या प्रभाग रचनेचा नकाशा लागला आणि आमचं स्वयंपाकघर दुसऱ्या प्रभागात गेलं.

हॉस्पिटलातल्या बाईंनी माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. तिच्यात शेवंतीचा चष्मा, दोन बांगड्या आणि साडीची पिन होती. मी सही केली. बाकीचं सगळं माझ्या भाच्यांनी दुपारपर्यंत उरकलं. आम्हाला मूलबाळ नाही.

संध्याकाळी मी एकटाच घरी आलो. हॉल आमच्या जुन्याच प्रभागात होता, एकशे चाळीसमध्ये. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक छोटा पॅसेज आहे. त्याच्या मधोमध लादीवर निळ्या खडूची रेघ मारलेली होती. रेघेपलीकडे एकशे एक्केचाळीस सुरू होत होता. तिथे शेवंती ओट्याशी उभी राहून चहा करत होती.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"हो."

"दूध नासलंय. कोराच देते."

"चालेल."

काय झालंय ते मला लगेच कळलं. तिच्या मृत्यूची नोंद एकशे चाळीसमध्ये झाली होती. एकशे एक्केचाळीसमध्ये कोणी काही कळवलं नव्हतं.

मी तिच्याकडे निघालो. मी एक पाऊल टाकलं, पॅसेज एक पाऊल वाढला. दुसरं टाकलं, पुन्हा तेवढाच वाढला. रेघ माझ्यापासून तेवढीच लांब राहिली आणि शेवंती मात्र थोडी लहान दिसायला लागली. मग मी थांबलो. तिने कप लादीवर ठेवून ढकलला. तो घसरत रेघ ओलांडून माझ्या पायाशी आला. चहा गरम होता.

हे माझ्यामुळे झालं. चार महिन्यांपूर्वी बाळा खोपकर आमच्याकडे अर्ज घेऊन आला होता. बाळा म्हणजे आमच्या नगरसेविकेच्या यजमानांचा माणूस. यजमानांना सगळे भाऊ म्हणतात आणि नगरसेविकेचं काम तेच बघतात. आमची इमारत गोदीतून निवृत्त झालेल्यांची. पाणी पहाटे वीस मिनिटं येतं, तेही करंगळीएवढं. पिंप भरायला शेवंती चारला उठायची. मागच्या रस्त्यापलीकडे एकशे एक्केचाळीसमध्ये मात्र दोन वेळा पाणी.

"काका, तिकडे जायचा अर्ज करा," बाळा म्हणाला होता. "वरपर्यंत नेतो. मंत्रालयात आपली माणसं आहेत."

"मग आमचं मत तिकडे जाईल. भाऊंना चालेल?"

"तुमचं मत कशाला जातंय? मत हॉलमध्ये राहू द्या. नळ आहे तेवढाच भाग तिकडे टाकू."

मला ते पटलं होतं. अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. शेवंती कणीक मळत होती. "हात पिठाचे आहेत, तुम्हीच करा माझी," ती म्हणाली. मी केली. तिची सही मीच करायचो. बँकेत, रेशनच्या फॉर्मवर, सगळीकडे.

बुधवारी सकाळी पॅसेज आणखी सात फूट वाढला होता. जेवढा तो वाढला तेवढा हॉल कमी झाला होता. टीव्ही खाटेला येऊन टेकला होता. शेजारच्या लोंढे वहिनी माझ्यासाठी पिठलं-भात घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या, कारण आत दोघांना जागा नव्हती.

"भाऊजी, हॉल लहान झाला तुमचा."

"हो."

"आमचं बाथरूम गेलं. ह्यांना म्हटलं, जाऊ दे, पाणी तरी आहे तिकडे. पण टॉवेल विसरले की ओरडत बसतात." मग त्यांनी माझ्या खांद्यावरून पॅसेजमध्ये बघितलं. मग जरा मोठ्याने म्हणाल्या, "काय गं शेवंते, बरी आहेस ना?"

"बरी आहे की," आतून आवाज आला. "दोन वेळा पाणी आलं गं काल! मला मेलीला काय करावं सुचेना. पडदे धुतले."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. माझ्या हातात ताट देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत हरकत घेता येते म्हणतात. तुम्ही घेऊ नका हं. हरकत मान्य झाली तर स्वयंपाकघर इकडे परत येईल."

"माहीत आहे."

"आणि मग ती..."

"माहीत आहे, वहिनी."

"मग तुम्हीच जा ना तिकडे. हरकती घेतात तशा सूचनाही घेतात. लिहून द्या तसं."

सुनावणी गुरुवारी सकाळी होती. वॉर्ड ऑफिसात पुष्कळ लोक होते. एकाचा जिना गेला होता, एकीची तुळस. माझा नंबर बाराला लागला. साहेबांनी नकाशात आमचं घर शोधलं. नकाशात ते तांदळाएवढं होतं आणि तांदूळ मधून तुटलेला होता.

"हरकत काय आहे?"

"हरकत नाही. सूचना आहे. राहिलेलं घरही एकशे एक्केचाळीसमध्ये टाका. हॉल आणि मी."

"तिकडच्या रहिवाशाची संमती लागेल."

"माझी बायको आहे तिकडे."

साहेबांनी जुना अर्ज काढला आणि दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "या दोन्ही सह्या एकाच हातच्या आहेत."

"हो. माझ्या."

"या वेळी त्यांच्या हातची लागेल. हा फॉर्म. उद्या पाचपर्यंत."

"आणि नाही झालं तर?"

"नकाशा कायम होईल. रेघेच्या जागी भिंत येईल." त्यांनी घंटी वाजवली. "पुढचे या."

मी घरी आलो तेव्हा नाक्यावर बॅनर लागला होता. 'कै. सौ. शेवंती यशवंत मेस्त्री यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' वर हात जोडलेले भाऊ, त्यांच्या बाजूला नगरसेविका, खाली बाळासकट अकरा कार्यकर्ते. मधे शेवंती, लाल साडीत, हळदीकुंकवाच्या फोटोतून कापलेली, फोटोला छापील हार. बॅनर बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होता.

मी हॉलमध्ये पाय ठेवला तर ती खिडकीशीच उभी होती. आता ती माझ्या हाताच्या पंजाएवढी दिसत होती.

"अहो, समोर बॅनर लागलाय. कोण गेलं हो?"

"तुला दिसत नाही?"

"चष्मा कुठे ठेवलाय सापडेना. लाल साडी आणि हार दिसतो नुसता. बाई आहे कोणी."

"कोणी गेलं नाही. वाढदिवस आहे."

"मग हार कशाला घातलाय फोटोला?"

"पुढाऱ्यांचं काय सांगावं," मी म्हणालो.

ती हसली. तिचं हसू माझ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला.

मी भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेलो. बाळा प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोजून एकावर एक लावत होता.

"बॅनर काढ," मी म्हणालो.

"काका, तेराव्यापर्यंत राहू द्या. भाऊंनी स्वतः फोटो निवडलाय."

"तिला दिसतोय तो."

"दिसायलाच लावलाय की." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "काकू तिकडून बघतायत होय? अडचण आहे मग. बॅनर एकशे चाळीसचा, दिसतो एकशे एक्केचाळीसला. इकडचे म्हणणार तक्रार तिकडची आहे, तिकडचे म्हणणार बॅनर आमचा नाही. काढायचा कोणी?"

"मी काढतो."

"शिडी न्या. वापरून झाली की आणून द्या."

मी शिडी लावली. मी एक पायरी चढलो, बॅनर एक पायरी वर गेला. मी सातव्या पायरीपर्यंत चढलो. खाली चार-पाच लोक जमले होते. एक जण म्हणाला, "मेस्त्री, उतरा, आता आणखी लांबून दिसतोय." मी उतरलो. बॅनर मात्र वरच राहिला.

आज शुक्रवार. सकाळी मी खाट उभी केली. दुपारी तीही गॅलरीत काढून ठेवावी लागली. आता हॉल माझ्या खांद्यांएवढा रुंद आहे आणि माझी पाठ दाराला टेकलेली आहे.

पावणेचारला मी फॉर्मची घडी केली आणि पेनासकट माझ्या गोदीच्या डब्यात घातली. एकतीस वर्षं ती या डब्यात पोळी-भाजी देत होती. झाकण लावलं, डबा आडवा केला आणि सोडला. तो लादीवरून गडगडत गेला. बराच वेळ आवाज येत होता, मग थांबला.

डबा परत आला तेव्हा सव्वाचार झाले होते. आत दोन पोळ्या होत्या, गवारीची भाजी होती, पेन होतं आणि फॉर्म होता. फॉर्मवर पिठाचा अंगठा उमटला होता. सहीची जागा कोरी होती.

"शेवंते!" मी ओरडलो. "सही नाही केलीस!"

मी वाट बघितली.

"कुठे करू?" तिचा आवाज आला. "अक्षर दिसत नाही एक. तुम्हीच करा ना माझी."

"या वेळी तुझ्याच हातची पाहिजे."

"कसला फॉर्म आहे?"

"मी तिकडे येण्याचा."

पुन्हा वाट बघितली. वरच्या मजल्यावर कोणी तरी नळ सोडला आणि बंद केला.

"मग चष्मा पाठवा की. तुमच्याकडेच असेल बघा. दुसऱ्या कुणाकडे जाणार?"

चष्मा माझ्या खिशात होता. मंगळवारपासून तिथेच आहे. तो दोन्हीचा चष्मा आहे. खालच्या काचेतून जवळचं दिसतं, वरच्या काचेतून लांबचं. मी पुसून बघितला. एका काचेवर तिच्या बोटाचा डाग होता. तेवढा ठेवून बाकीचं पुसलं.

"आहे का?"

"आहे!"

"मग पाठवा. पोळ्या खाल्ल्यात का?"

"खातो."

इथून स्वयंपाकघर आता काड्यापेटीएवढं दिसतं. त्यात एक खिडकी आहे आणि खिडकीत बॅनरचा एक लाल ठिपका आहे. खिडकीच्या अलीकडे शेवंती आहे. ती बारीक हालते आहे, म्हणजे पाणी आलं असणार आणि ती भांडी घासत असणार. भांडी घासताना तिचं तोंड खिडकीकडे असतं.

मी पोळ्या खाल्ल्या. डबा पुसून घेतला. फॉर्म घडी करून तळाशी ठेवला, त्यावर पेन, त्यावर चष्मा. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. वॉर्ड ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. निळी रेघ सकाळी बोटाएवढी रुंद होती, आता विटेएवढी झाली आहे आणि लादीपासून थोडी वर आली आहे.

डब्याचं झाकण लावायचं राहिलं आहे.