खडपवाडीचं टोक

त्या दिवशी एकही होडी पाण्यात नव्हती. टोकावरून सरकारचा पहिला लांब पल्ल्याचा अग्निबाण उडणार होता, म्हणून आसपासच्या सगळ्या गावांना होड्या वर ओढून ठेवायचा हुकूम होता. राही सासऱ्याला हाताला धरून वाळूवर घेऊन आली. गुणाजीनं लग्नाकार्यातला सदरा आणि लाल टोपी घातली होती.

"मामा, उकडंल की एवढ्या उन्हात," राही म्हणाली.

"माझ्या वाडीवरनं उडनार हाय बाण. उघड्या अंगानं जाऊ व्हय?"

वाडी त्याचीच होती, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत. टोकावर कोळ्यांची पंधरा-वीस घरं होती. चीनच्या लढाईची नामुष्की तेव्हा सगळ्यांच्या मनात ताजी होती. जीपमधून एक साहेब आले आणि म्हणाले, इथून सोडलेला बाण हजारो मैल जाईल, मग आपल्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होणार नाही. पण जागा मोकळी हवी. गुणाजी उठला, आपल्याच छपरावर चढला आणि एकेक कौल काढून खाली राहीच्या हातात देऊ लागला. राहीच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"रडतेस कशाला? देशाला जागा पायजे. पाडायचंच तर परक्याचा हात कशाला लागू द्यायचा?"

त्याचं बघून मग बाकीच्यांनीही घरं उतरवली.

नवी वाडी आत, शेतांच्या कडेला वसली. तिथं समुद्राचा वारा पोचत नसे. बोंबील वाळायच्या आधीच नासायचे. बायका गुणाजीच्या नावानं बोटं मोडत. शेजारची मैना तर गुणाजीला तोंडावर ऐकवायची, "तू चढलास म्हनून आमी चढलो." म्हातारा शांतपणे म्हणे, "बाण उडू दे, मंग बोल."

ऊन डोक्यावर आलं. सगळी वाडी वाळूवर जमली होती. टोकावरचा लोखंडी मनोरा चमकत होता, पण त्याच्या आसपास कसलीच हालचाल दिसत नव्हती. शेवटी जीप आली. तेच साहेब खाली उतरले. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

"घरी जा सगळे," ते म्हणाले. "रद्द झालं."

"उद्या उडनार का मंग?" गुणाजीनं विचारलं.

"उद्या नाही, बाबा. कधीच नाही. दिल्लीहून आत्ता निरोप आला. सगळा कार्यक्रमच बंद केलाय."

राहीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं मैनेकडं पाहिलं. एरवी तोंडाची टकळी चालवणारी मैना तोंडावर पदर धरून उभी होती.

"का पन?" राहीनं विचारलं.

"मलाही सांगितलं नाही." साहेबांनी मनोऱ्याकडं पाहिलं. "फार खर्च होतो म्हणे."

"मंग माझं घर कशापायी पाडलं?" गुणाजी म्हणाला.

राहीच्या जिभेवर शिव्या आल्या होत्या. पण या माणसालाही कुणी काही सांगितलं नव्हतं, मग त्या कुणाला द्याव्यात तेच तिला कळेना.

गुणाजी टोकाच्या दिशेनं चालू लागला. राही मागं धावली. तारेच्या कुंपणाशी उभा असलेला पहारेकरी धर्मा गोंधळून बाजूला झाला. "अडवायचं का न्हाय, मला कुनी सांगितलंच न्हाय," तो पुटपुटला.

आत सगळं सपाट होतं. जिकडं पाहावं तिकडं सिमेंटची पांढरी फरशी. गुणाजी मधोमध थांबला.

"हितं दार व्हतं आपलं."

"न्हाय मामा, तिकडं. दारातनं मोठा खडक दिसायचा ना?"

"खडक कुठं हाय?"

राहीनं चहूकडं पाहिलं. खडकसुद्धा सुरुंग लावून उडवला होता. ती इकडं गेली, तिकडं गेली, पायांनी अंतर मापू लागली. पण चूल कुठं होती, उंबरा कुठं, काही लागेना. त्याच जागेत ती नवरी होऊन आली होती. गुणाजी तिथंच फरशीवर बसला.

"राही, मला कायच वळखता येत न्हाय गं."

तिनं त्याला कसाबसा उठवून घरी नेलं.

पावसाळ्याच्या आत मनोरा सुटा करून ट्रकांत भरून नेला. जागा मात्र सरकारची राहिली. ती परत मिळावी म्हणून अर्ज झाले, त्यांना उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात राही आणि मैना बोंबलांच्या पाट्या घेऊन सरळ टोकावर गेल्या आणि बांबू रोवून दोऱ्या ताणल्या.

"मनाई हाय," धर्मा म्हणाला.

"ज्यांनी केली ते गेले," राही म्हणाली. "तू कुनाची राखन करतोस?"

धर्मानं थोडा विचार केला आणि तो सावलीला जाऊन बसला. हळूहळू बाकीच्या बायकाही आल्या. मग दोघातिघांनी कुडाच्या झोपड्या उभारल्या. राहीलाही तिथं घर बांधावंसं वाटू लागलं. तिनं गुणाजीपुढं विषय काढला.

"मामा, आपुनबी बांधू तिकडं. वारा चांगला हाय."

गुणाजीनं हातातल्या जाळ्याची गाठ आवळली.

"बांधायला जमंल मला अजून," तो म्हणाला. "पुन्हा पाडायला सांगितलं, तर न्हाय जमायचं."

राहीनं पुन्हा विचारलं नाही. ती दररोज सकाळी टोकावर जात राहिली आणि संध्याकाळी त्याच्याजवळ परत येत राहिली.