निळ्या पेशी

कत्तलखान्यातून आणलेलं गाईचं आतडं मिठाच्या पाण्यात सात वेळा धुतलं तरी हाताचा वास जात नाही. नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत हेच करतेय. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सोडवायच्या, बशीतल्या खान्यांत वाढवायच्या आणि त्यांच्यावर काय काय घालून बघायचं. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही. इतकं सरळ काम, आणि त्यात मी माती खाल्ली.

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, तीन वासरांपैकी दोन हगवणीने गेली. तो गुरांना कीड न लागणारा मका घालायचा. त्या मक्यात एका जिवाणूचं विष असतं, ते पोटात गेलं की अळी मरते. "अळी मरते, मग वासरू कसं वाचेल?" हे दादाचं म्हणणं. मलाही ते पटलं, कारण मला कुणाचा तरी राग राग करायचा होता. ते विष मी पेशींवर घातलं. दुसऱ्या दिवशी सगळं निळंशार! जागेवरूनच फोन लावला.

"दादा, मेल्या बघ सगळ्या!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

चार दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम रजेवरून आल्या. बशी बघून त्यांनी एकच विचारलं, "विष ज्या पाण्यात विरघळवलंस, ते नुसतं पाणी कुठल्या खान्यात घातलंस?"

कुठल्याच नाही. हे विष साध्या पाण्यात विरघळत नाही, त्याला सोड्याचं जळजळीत पाणी लागतं. ते सौम्य न करताच मी ओतलं होतं. नवशिक्यालाही शोभणार नाही अशी चूक. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रडत बसले नाही. दुसऱ्या गाईचं आतडं आणलं. एका ओळीत नुसतं जळजळीत पाणी, दुसरीत सौम्य केलेलं, तिसरीत सौम्य पाण्यातलं विष, तेही दहापट. दोन दिवस थांबले. पहिली ओळ निळी झाली. उरलेल्या दोन्हींत पेशी ठणठणीत होत्या. पेशी मेल्या होत्या त्या माझ्या पाण्याने.

दादाला फोन केला. चूक माझी होती ते सांगितलं.

"तायडे, मी डॉक्टरला परत पाठवलं गं," तो म्हणाला. "शेण तपासतो म्हणत होता. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझ्या बहिणीने शोधलंय."

"तिसरं वासरू कसं आहे?"

फोन वहिनीने घेतला. "कालपासून पातळ हगतंय, उठतही नाही. मका तर आठवडाभर बंद आहे."

मी पुढची बस पकडली. दादा गोठ्याच्या दारात आडवा उभा होता.

"सगळ्या डेअरीत सांगून आलोय मी! निम्म्यांनी मका फेकून दिला. आता चार लोकांत माझं नाक कापणार तू?"

"तुझं नाही, माझं. संध्याकाळी डेअरीत मीच उभी राहते आणि चूक झाली म्हणून सांगते."

"मग माझी वासरं कशाने मेली?"

"माहीत नाही. माहीत आहे असं म्हटलं म्हणूनच सहा दिवस वाया गेले." माझा आवाज चढला होता. "जे काही आहे ते अजून याच गोठ्यात आहे, दादा. बाजूला हो."

तो झाला नाही. वहिनीने त्याला ढकललं आणि मी आत शिरले. वासराचे डोळे खोल गेले होते. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलं होतं. वहिनी मीठसाखरेचं पाणी करायला पळाली. मी पिशवीतून बाटली काढून शेणाचा नमुना घ्यायला बसले, पण वासरू एका अंगावर कलंडत होतं, एकटीला जमेना.

मागून दादा आला. शेणातच मांडी घालून बसला, वासराला छातीशी धरून उभं केलं आणि एका हाताने फोन कानाला लावला.

"डॉक्टरसाहेब, परवा मी तुम्हाला हाकललं," तो म्हणाला, "माझं चुकलं. लगेच या."