कारखान्याच्या दारातला भाव

सुज्ञ वाचकहो, परदेशातून माल मागविताना मूळ किमतीखेरीज जे जे सोसावे लागते, त्यांपैकी एका अत्यंत विलक्षण खर्चाची हकीकत मी येथे यथाशक्ती कथन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले; परंतु वाचनाची आवड मी सोडलेली नाही. भाषेत काही उणे आढळल्यास ते माझे समजावे. घडलेल्या गोष्टीत मात्र मी पदरचे काहीही घातलेले नाही.

आमचे लाकडी सामानाचे दुकान आहे. ते मूळचे माझ्या सासऱ्यांचे. त्यांच्या पश्चात माझ्या पत्नीचे थोरले बंधू ते चालवितात. त्यांना सारे दादा म्हणतात. आणि मी लग्न होताच तेथे कामाला लागलो म्हणून सारा बाजार मला जावईबापू म्हणतो. दुकान खाली, बिऱ्हाड वर, मध्ये लाकडी जिना.

दादांची खरेदीची एक रीत होती. सुताराच्या दारात जायचे, माल उलटासुलटा करून पाहायचा, आणि आपल्याच हातगाडीवर घालून आणायचा. सुताराला पोहोचविण्याची तसदी नाही म्हणून भाव कमी पडतो. त्यामुळे परदेशातील खुर्च्यांच्या कारखान्याने जेव्हा दोन भाव कळविले, एक आपल्या बंदरापर्यंतचा आणि एक कारखान्याच्या दारातला, तेव्हा दादांनी क्षणाचाही विलंब न लावता दुसरा निवडला.

"दादा, ते दार समुद्रापलीकडे आहे," मी म्हणालो.

"दार ते दार. तुम्ही सासऱ्याच्या दारात आलात तेव्हा काय अंतर मोजलं होतं?"

मी ऑर्डरचा कागद पुढे ओढला.

पुढे दाराबाहेरची एकेक गोष्ट उगवू लागली. तिकडच्या बंदरापर्यंतचा ट्रक आमच्याकडे. चढविण्याची हमाली आमच्याकडे. जहाज, विमा, लाकडात कीड राहू नये म्हणून द्यावयाची धुरी, सीमाशुल्क, आणि कंटेनर आमच्या बंदरात नुसता उभा राहिला त्याचे भाडे, हेही आमच्याकडे. बंदरावरची कामे करून देणारा आमचा एजंट प्रत्येक वेळी हसत सांगे, "दादा, स्वस्त माल घ्यायचा तर खिसा मोठा शिवून घ्यावा लागतो." दादा दात-ओठ खात आणि देत.

माल सुटण्याच्या दिवशी मी, दादा व एजंट तिघेही बंदराच्या वजनकाट्यावर होतो. भर दुपार होती. काट्यावरचा कारकून काचेमागून बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला.

"कागदावरच्यापेक्षा जास्त भरतंय."

"किती?" एजंटने विचारले.

"फार नाही. एक माणूस जास्त असावा, एवढंच."

कोणी लपून आले असावे अशा संशयाने कंटेनर उघडला गेला. आत माणूस नव्हता. खुर्च्या एकीवर एक उलट्या रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. केवळ दारालगतची एक खुर्ची मोकळी, सुलटी, बाहेर तोंड करून ठेवलेली होती. मी तिच्या बैठकीवर तळहात ठेवला. ती उबदार होती. दारातले ऊन तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

"जास्तीचं वजन कोणाचं?" कारकुनाने विचारले. "कोणीतरी आपलं म्हणायला पाहिजे. त्याशिवाय गाडी हलत नाही."

"वर विचारावं लागेल," एजंट म्हणाला. "म्हणजे आठवडा गेला. भाडं चालूच."

दादांचा धीर सुटला. "माझं आहे. कळलं? सगळं माझं. सोडा गाडी."

बाहेर पडताना नियमाप्रमाणे पुन्हा वजन झाले. ते कागदाशी तंतोतंत जुळले. कारकून काट्याला शिवी हासडून आत गेला. दादा ट्रकच्या पायरीवर पाय ठेवून वर चढले, तेव्हा केबिन त्यांच्या बाजूला सपशेल कलली.

घरी जिन्याने सर्वप्रथम तोंड उघडले. ज्या पायऱ्या कधी कुरकुरल्या नव्हत्या त्या दादांच्या पावलाखाली कण्हू लागल्या.

"दादा, बंदरावर काय खाऊन आलास?" माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले. "जिना म्हणतोय वरात आली."

दादा हसले नाहीत. ते जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभे होते.

चार दिवसांत त्यांचा पट्टा दोन भोके आत गेला. माणूस वाळत होता आणि पलंगाच्या फळ्या मात्र मोडत होत्या. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभे केले, उतरविले, स्वतः उभे राहून पाहिले, आणि पुन्हा दादांना चढविले. अखेर ते म्हणाले, "काटा काय दाखवतो ते सोडा. तुमचं हृदय दोन माणसांचं काम करतंय. असं ते फार दिवस करणार नाही."

त्या संध्याकाळी एजंटला मध्यस्थ घेऊन आम्ही कारखान्याला फोन लावला. तिकडे एक वयस्क बाई होत्या. त्या बोलत, एजंट ऐके, आणि आमच्या भाषेत सांगे. सांगता सांगता त्याचे नेहमीचे हसणे मावळले.

"त्या म्हणतात, आमच्याकडे एक तपासनीस होता. प्रत्येक खुर्चीवर बसून पाहायचा, मगच ती दाराबाहेर जायची. तो वारला. पण बसायचं काही थांबलं नाही."

"मग इकडे कसा आला?" पत्नीने विचारले.

"म्हणतात, शेवटच्या खुर्चीवरून उठायच्या आत दार लागलं असेल."

"परत कसा पाठवायचा ते विचार," दादा म्हणाले.

एजंटने विचारले. उत्तर लांबले.

"म्हणतात, दारानंतरचं आम्ही पाहत नाही. तपासणीचा खर्च आम्ही भावात धरलेला नाही, ज्याचा माल त्याच्याकडे तो. ज्यानं माझं म्हटलं त्याच्याजवळ तपासनीस राहतो. दुसऱ्या कोणी माझं म्हटलं तर त्याच्याकडे जाईल." एजंटने फोन खाली ठेवला. "आणि म्हणाल्या, माणूस चांगला होता."

त्यानंतर आमच्या घरात एकच विचार राहिला, आणि तो कोणीही उच्चारीत नव्हते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देताना विचारण्याची आमची जुनी पद्धत आहे, "पाहून घेतलंत? सगळं तुमचं झालं ना?" गिऱ्हाईक हो म्हणते. एवढेच पुरे होते.

पुढल्या आठवड्यात गाणे शिकविणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना वर्गासाठी सर्वच्या सर्व खुर्च्या हव्या होत्या. अंगाने काटकुळ्या, बोलायला गोड; खुर्च्यांवर हात फिरवीत त्या म्हणाल्या, "माझी मुलं वर्षभर जमिनीवर बसली हो." टेम्पो भरला. दादा गल्ल्यामागे दोन्ही हात टेकून बसले होते, ओठ निळसर झाले होते. पत्नी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून भावाकडे पाहत होती. तिची नजर सरळ सांगत होती, विचार.

मी दुसरीकडे पाहिले.

"पाहून घेतलंत?" दादांनी विचारले.

"घेतलं की. आता सगळं..."

"बाई, थांबा." दादा उठले. फरशी करकरली. "खुर्च्या तेवढ्या तुमच्या. खुर्च्यांखेरीज इथलं काहीही तुमचं नाही. तेवढंच म्हणा."

बाईंना गंमत वाटली. "बरं, खुर्च्या तेवढ्या माझ्या," असे म्हणून त्या हसत टेम्पोत बसल्या.

टेम्पो दिसेनासा झाला तशी पत्नी ताडताड पुढे आली. "मोठा दानशूर. उद्या तू आडवा झालास की ती बाई येणार आहे रडायला?"

"तिची मुलं लहान आहेत गं."

"आणि मी काय दगड आहे?" तिचा आवाज फाटला. तिने दादांचा दंड धरला आणि, मला काही समजण्यापूर्वी, स्पष्ट म्हणाली, "माझा आहे तो. ये इकडे."

दादा पाण्यातून वर आल्यासारखे श्वास घेऊ लागले. पत्नी मात्र जागच्या जागी गुडघ्यांवर बसली.

"मूर्ख आहेस का? माझा आहे," दादा ओरडले, आणि पुन्हा वाकले.

"मुळीच नाही. माझा."

त्या दोघा भावंडांना लहानपणी मी पाहिलेले नाही. परंतु ती खेळण्यावरून कशी भांडली असतील हे मला त्या क्षणी दिसले. दरवेळी एक ताठ होई आणि दुसरे खचे. अधल्यामधल्या हवेत काहीतरी इकडून तिकडे गेल्याचे मला जाणवत होते, ओल्या लाकडाच्या वासासारखे. ते दमले आहे असेही मला वाटले. मी दोघांच्या मध्ये शिरलो.

"पुरे आता. आजच्या दिवस माझा."

मी कल्पिले होते तशी त्याने खांद्यावर झडप घातली नाही. तो पाठीमागून आला, माझ्यावर अलगद टेकला, थोडा सरकला, आणि मी मजबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी एकदा मागे-पुढे डुलला. मग स्थिर बसला.

डॉक्टर सांगतात, दादांचे हृदय आता ठीक आहे. एका माणसाला सतत नको, एवढेच पथ्य. आम्ही तिघे वार लावून घेतो. रोज सकाळी चहाच्या वेळी एकजण दुसऱ्याला म्हणतो, "द्या आता, माझा," जसे कोणी झोपलेले मूल मागून घ्यावे. पत्नीच्या वाराला तो फार हलत नाही असे ती सांगते. दादांच्या वाराला म्हणे तो त्यांच्या कानाशी काहीतरी मोजतो. माझ्याशी अजून बोललेला नाही.

आज माझा वार आहे. हे लिहीत असताना माझ्याखालची खुर्ची दोघांच्या वजनाने कुरकुरत आहे, आणि माझ्या मानेवर वाकून कोणी अक्षरे तपासीत असावे असा भास होतो. कदाचित ही हकीकतही त्याने बसून पाहिल्यावाचून बाहेर जाणार नाही.

वाचकहो, आपण अमूल्य वेळ खर्च केलात, त्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. एकच नम्र प्रार्थना. चांगल्या लेखाला लोक "हे अगदी माझेच आहे" असे म्हणतात. या लेखाविषयी कृपया तसे म्हणू नये.

आपला नम्र,
जावईबापू
लाकडी सामानाचे दुकान, जिन्याखाली