सपाट मैदानावरचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना बेस ड्रम आहे. कोलशेतच्या एका शाळेच्या बँडमध्ये मी चौदा वर्षं आहे. माझं पोट मोठं आहे आणि त्या पोटात एक गोष्ट मी बरेच दिवस ठेवली आहे. आज ती सांगून टाकतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. लाकूड वाकवून माझं अंग केलं आणि दोन्ही बाजूंना पांढरी पानं ताणून बसवली. शाळेत आलो त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला हार घातला होता. संचलनात सगळ्या शाळेचा डावा पाय माझ्या ठोक्यावर पडतो. त्यामुळे मी थोडा माजलोच होतो, खोटं कशाला बोलू?

आमच्या बँडमध्ये दोन पक्ष. बिगूलवाले वाजवून झालं की बिगुलातली थुंकी झटकतात, म्हणून ड्रमवाले त्यांना पिचकारी म्हणत. आम्ही सारखं बडवतो, म्हणून ते आम्हाला धोबीघाट म्हणत. शाळेच्या घंटेसारखा ट्रँगल वाजवणाऱ्या रुचिताचं नाव 'मधली सुट्टी' पडलं होतं. ही थट्टा गोड होती. मेघालीची झाली ती तशी नव्हती.

मेघाली खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आठवीत शिकणारी, अंगाने थोराड. म्हणून बँडच्या संदेश सरांनी मला तिच्या गळ्यात घातलं. 'दोन ड्रम आले' असं मुलं म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. ठोका मात्र असा चोख देई की कुणाचं पाऊल चुकत नसे.

मला गळ्यात घातलं की वाजवणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. म्हणून शेजारच्या साइड ड्रमवाल्याने हळूच सांगायचं असतं, खड्डा आला, पायरी आली. ही आमची जुनी रीत. मेघालीच्या शेजारी भावेश चालायचा. एकदा सरावात, सपाट मैदानावर तो म्हणाला, "खड्डा." मेघालीने भलीमोठी ढांग टाकली आणि सगळा बँड खिदळला. मग ते रोजचंच झालं. तिने ढांग टाकली की मी तिच्या अंगावर आपटून ढुम्म वाजायचो. त्या आवाजाने हशा दुप्पट व्हायचा. मित्रांनो, मला तो हशा आवडत होता. आज त्याची फार लाज वाटते.

जानेवारीत डोंबिवलीला आंतरशालेय स्पर्धा होती. मैदान परकं. वळणावर पाण्याचा जाड पाइप आडवा पडलेला. भावेशने वेळेवर सांगितलं, "पाइप." मग घाईने म्हणाला, "अगं, खरंच आहे." मेघालीने पाय उचलला नाही. आम्ही दोघं तोंडघशी पडलो. माझं एक पान टर्रकन फाटलं. ठोका थांबला तशी मागच्यांची पावलं चुकली, बिगूलवाले एकमेकांवर आदळले आणि बघणारे हसले.

परतीच्या बसमध्ये सरांनी तिला विचारलं, शेजाऱ्याने सांगितलं नव्हतं का?

"सांगितलेलं, सर," ती म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

का ऐकलं नाही, ते तिने सांगितलं नाही. भावेश आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला. तिने सगळं बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने माझा पट्टा घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि बँड सोडला.

मला नवं पान बसलं, पण उचलायला कोणी पुढे येईना. दोन आठवडे मी कपाटाआड धूळ खात पडलो. मग एका सकाळी भावेशने सगळ्या बँडसमोर सरांना सारं सांगितलं आणि मला स्वतःच्या गळ्यात घातलं. मेघालीला तो वर्गातून बोलावून घेऊन आला.

"तू शेजारी चाल," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं ते सांग."

तो व्हरांड्यातून चालू लागला. पुढे मैदानात उतरायच्या पायऱ्या होत्या. सगळ्यांना दिसत होत्या, एका त्याला सोडून. त्याचा ठोका अडखळत होता. मेघालीला नुसतं गप्प राहिलं तरी पुरलं असतं.

"पायरी," मेघाली म्हणाली. "तीन आहेत. सावकाश."

मेघाली बँडमध्ये परत आली, पण तिने साइड ड्रम मागून घेतला. मला ती पुन्हा गळ्यात घेत नाही. ते बरोबरच आहे.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, माझ्यावर दप्तरं रचू नका, हे मी सांगणारच. पण ज्याला पुढचं दिसत नाही, तो तुमच्या शब्दावर पाऊल टाकतो. त्याची तिथे थट्टा करू नका. आणि दुसऱ्या कुणी केलीच, तर निदान माझ्यासारखे ढुम्म वाजू नका.