घड्याळकाकांचा शब्द

दुकानाच्या दारात सावली पडली तेव्हा घड्याळकाका भिंग डोळ्याला लावून एक बारीकसा स्क्रू चिमट्यात धरत होते. सावली आत सरकली आणि टेबलाशी येऊन थांबली. काकांनी मान वर करण्याआधी, का कोण जाणे, पायाशी पाहिलं.

टेबलाखाली लाकडी खोक्यावर मुलगी बसली होती. मांडीत गजराचं घड्याळ होतं, वर घंटा असलेलं. शाळेतून आली की ती इथेच बसायची आणि काका देतील त्या घड्याळाला चावी द्यायची. आता तिची बोटं चावीवरच थिजली होती. टेबलाच्या पुढच्या फळीखाली वीतभर फट होती आणि त्या फटीतून समोरचे बूट दिसत होते. काळे, नुकते पॉलिश केलेले. मुलगी बुटांकडे बघत होती. मग तिने काकांकडे पाहिलं, गुडघे पोटाशी ओढले आणि ओठ आत दाबून धरले.

कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

"काका, एवढं बघता का जरा?"

आवाज गोड होता. चेहराही हसरा, शर्टाला कडक इस्त्री. त्या माणसाने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आतलं घड्याळ टेबलावर ठेवलं. बायकी घड्याळ, पांढऱ्या तबकडीचं.

"मिसेसचं आहे. काच फुटलीय. म्हटलं, करून ठेवावं. खूश होईल."

भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही बरोबर चालत होती. पाचाला अकरा मिनिटं कमी होती. पाच वाजता समोरच्या पिवळ्या घराचं दार उघडणार होतं आणि मुलीची आई तिला न्यायला रस्ता ओलांडून इथे येणार होती.

त्या पिवळ्या घरावर 'शिवणवर्ग' अशी पाटी होती. आत कुणी शिवत नव्हतं. नवऱ्याच्या हातून सुटून, मुलं कडेवर घेऊन, नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या बायका तिथे राहायच्या. गल्लीला हे ठाऊक होतं आणि गल्लीबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. बेकरीतून रोज सकाळी पाव जायचे. औषधवाला औषधं स्वतः नेऊन द्यायचा, नोकराला पाठवायचा नाही. घर चालवणाऱ्या ताईंनी सगळ्यांना एकदा बोलावून हात जोडून सांगितलं होतं, की कुणी विचारलं तर शिवणवर्ग म्हणायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काका तेवढे म्हणाले होते, "मी तसं म्हणणार नाही. मी गप्प राहीन."

"अहो, तुम्ही गप्प बसलात म्हणजे 'बायका इथेच आहेत' अशी पाटी लावल्यासारखंच की!" बेकरीवाली फणकारली होती. "चाळीस वर्षं विचारेल त्याला खरं सांगत आलात. वडिलांचं सोन्याचं घड्याळ घेऊन आलेल्याला तोंडावर पितळ म्हणून सांगता. माझ्या केकला कोरडा म्हणता. आणि याच गोष्टीला गप्प?"

काकांनी त्यावर हसून विषय सोडला होता. रोज सकाळी दुकानाची फळी काढण्याआधी ते उभ्या उभ्या हात जोडायचे आणि देवाजवळ एकच मागायचे, जीभ तेवढी स्वच्छ ठेव. बाकीचं त्याच्याकडे आहेच, मागायला कशाला हवं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

पण त्या स्वच्छ जिभेचा पिवळ्या घराला उपयोग होता. सकाळी पावणेआठला वरची खिडकी बोटभर उघडायची. काका पायरीवर येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघायचे आणि मान हलवायचे. मगच बायका पोरांना घेऊन बाहेर पडायच्या. दुसऱ्या कुणाच्या मानेवर त्यांचा भरवसा नव्हता. मुलीचंही तेच. बाबा इथे येतील का, असं तिने गल्लीत सगळ्यांना विचारून झालं होतं. छे गं, कधीच नाही, असं सगळे म्हणाले होते. काका म्हणाले, "मला माहीत नाही बाळा. पण आले तर मी इथेच असेन." त्या दिवसापासून ती टेबलाखालच्या खोक्यावर बसू लागली.

काकांनी घड्याळ भिंगाखाली धरलं.

"पडलं का?"

"हो ना. हातातून सुटलं."

पडलेल्या घड्याळाची काच कडेला फुटते. ही मधोमध आत दबली होती. पट्ट्याची पिन बाहेरच्या बाजूला वाकली होती, मनगट धरून पिळलं तर वाकेल तशी. पट्ट्याच्या घडीत काहीतरी तपकिरी सुकून बसलं होतं. काकांनी अंगठ्याने ते झाकलं.

"ठेवून जाऊ का? दोन-चार दिवसांनी चक्कर मारीन. मी आहेच आता या भागात."

"नको," काका घाईने म्हणाले. "आत्ताच देतो करून. बसा."

बसा म्हणून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. स्टुलावर बसलं की पिवळ्या घराचं दार अगदी नाकासमोर येत होतं. माणूस बसला. पाचाला नऊ मिनिटं.

काकांनी काचांचा डबा ओढला. पहिली काच मोठी निघाली, दुसरी सुटून टेबलावर गोल फिरत राहिली. टेबलाखालून श्वासाचाही आवाज येत नव्हता. एवढ्या लहान जिवाला इतकं गप्प राहणं कुणी शिकवलं असेल, हा विचार आला आणि तिसरी काचही निसटली.

"समोर काय आहे हो?"

"पाटी आहे की."

"पाटी वाचली मी. शिवणवर्ग." माणूस हसला. "अर्धा तास त्या कोपऱ्यावर उभा होतो. एकही मशीन वाजलं नाही."

काकांनी तबकडीवरची धूळ फुंकली. गरजेपेक्षा जास्त वेळ फुंकत राहिले.

माणसाने फोटो काढून टेबलावर ठेवला. आई आणि मुलगी. मुलीचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता ते आले होते.

"यांना शोधतोय. रागाच्या भरात निघून गेली. बायकांचं डोकं, तुम्हाला माहितीय. त्या बेकरीवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, नाही बघितलं. मग आपणहून म्हणाल्या, विचारा आमच्या घड्याळकाकांना, जन्मात कधी खोटं बोलले नाहीत." तो थोडा पुढे झुकला. "म्हणाल्या, आणि पटकन तोंडावर हात ठेवला. मला गंमत वाटली."

गल्लीत कशावरूनही वाद झाला की तोंडात हेच वाक्य यायचं, विचारा घड्याळकाकांना. बेकरीवालीच्याही तोंडून सवयीनेच गेलं असणार. काकांनी बाहेर नजर टाकली. बेकरीत पाव मांडलेले होते आणि माणूस कुणीच नव्हतं.

"तर सांगा काका. बघितलंय?"

पाचाला चार मिनिटं. काकांनी काच बसवली, बोटाने दाबली. गप्प राहावं. पण गप्प राहणं म्हणजे पाटीच. टेबलाखालून एक लहानसं बोट त्यांच्या पँटच्या काठात अडकलं आणि घट्ट झालं.

देवा, काका मनात म्हणाले. त्यापुढे त्यांना मागताच येईना.

"बघितलंय," ते म्हणाले.

काठातलं बोट सुटलं.

त्या सुटण्याने काकांच्या छातीत कळ आली. पण खाली बघता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं.

"झाले पंधरा दिवस. रविवार होता, मी साफसफाईला दुकान अर्धं उघडलं होतं. बाईंनी वेळ विचारली. मनगटावर घड्याळ नव्हतं, नुसता पट्ट्याचा वळ होता, म्हणून लक्षात राहिलं. बंदराकडची बस कधी सुटते म्हणाल्या. मी सांगितलं. पोर झोपेला आलेली. तिला उचलून घेऊन गेल्या."

इतकं सगळं आपल्या आत कुठे तयार होऊन बसलं होतं, ते काकांना कळलं नाही. शिकाऊ हाताने पहिल्यांदाच घड्याळ उघडावं आणि ते चालू व्हावं, तसं झालं.

माणूस त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. काकांनी भिंग काढलं नाही. भिंगामागचा डोळा मोठा दिसतो आणि त्यात काही वाचता येत नाही.

"बंदराकडे," तो हळूच म्हणाला. "तिथे तिची मावशी होती एक."

आणि भिंतीवरच्या घड्याळांनी पाचाचे टोले द्यायला सुरुवात केली. एकामागून एक, क्षणाक्षणाच्या फरकाने, दुकान भरून गेलं. त्या आवाजाच्या तळाशी आणखी काहीतरी धडधडत होतं. दबलेलं, वेगाने, मुठीत पाखरू फडफडावं तसं. आई येते तेव्हा वाजू दे, म्हणून मुलीने दुपारीच गजर पाचाला लावला होता. टोले संपले. धडधड संपली नाही.

"काय वाजतंय?" माणसाने मान वाकवली.

"दुरुस्तीला आलंय एक. घंटा बसलीय त्याची." काकांनी गुडघा पुढे घेऊन फट झाकली. "हे घ्या तुमचं."

दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

धडधड मंदावून थांबली. समोरचं दार मिटलेलंच होतं. माणसाने घड्याळ कानाला लावलं, समाधानाने हसला, पैसे ठेवले आणि उठताना काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"देवमाणूस आहात. हल्ली सरळ उत्तर कोण देतं?"

तो बसस्टँडच्या दिशेने गेला. काका पायरीवर उभे राहून कोपऱ्यापर्यंत त्याची पाठ बघत राहिले. तो वळून दिसेनासा झाला, तरी बघत राहिले. मग आत येऊन ते टेबलाशी खाली बसले.

मुलगी खोक्यामागे भिंतीला चिकटली होती. घड्याळ तिने पोटाशी धरलं होतं आणि हातोडी व घंटा यांच्या मध्ये तिचं बोट होतं. गजराचे सगळे घाव त्या बोटाने घेतले होते. नखाच्या मुळाशी ते लालभडक होऊन सुजलं होतं.

"बाळा, सोड आता. दे इकडे."

तिने सोडलं नाही.

"गेले?" तिने विचारलं.

"गेले."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रोज बघायची तसं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"खरंच गेले?"

"हो. कोपऱ्यावरून वळले. मी पाहिलं."

"मघाशी तुम्ही म्हणालात, आम्ही बसने गेलो." ती थांबली. "तेव्हापण तुमचा आवाज असाच होता."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काकांना खरं बोलूनही काही पटवता येईना. ग्राहकांनी मनगटावर घड्याळ कसं दिसतं ते बघावं, म्हणून टेबलावर एक गोल आरसा असायचा. तो त्यांनी काढला, फटीपाशी जमिनीवर तिरका टेकवला आणि स्वतः बाजूला झाले. मुलगी सरपटत पुढे आली. आरशात तिने गल्लीचं एक टोक पाहिलं, आरसा फिरवला, दुसरं टोक पाहिलं. पुन्हा पहिलं पाहिलं. मग कुठे तिने बोट बाहेर काढलं आणि तेव्हा तिला रडू आलं.

बेकरीवाली धावत आली, मागून मुलीची आई. आईने टेबलाखालीच बसकण मारली आणि मुलीला छातीशी घेतलं.

"पिवळ्या घरात मागच्या दारानं घुसले मी," बेकरीवाली धापा टाकत म्हणाली. "पुढच्या दाराला आतून पाठ लावून उभी राहिले. ही बाई ऐकेना. म्हटलं, आधी मला ढकल, मग जा. मला ढकलायला क्रेन लागते, तिला काय माहीत!" ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. "काका, माझ्या जिभेला आग लागो. तुमचं नाव कसं गेलं हो तोंडातून?"

"ते नाव घेतलंत म्हणून त्याला पटलं," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून बसल्या. "बंदरावर मावशी आता राहत नाही," त्या म्हणाल्या. "तो जाईल, शोधेल, परत येईल. तुमचा शब्द किती दिवस पुरेल काका? चार? पाच?" परवा सकाळी गाडी येणार होती. मायलेकींना दुसऱ्या गावी, दुसऱ्या पाटीमागे जायचं होतं.

त्या सकाळी काकांनी फळी काढण्याआधी हात जोडले आणि काहीच न मागता उभे राहिले. मग त्यांनी तो गोल आरसा दाराच्या चौकटीवर, उंच, तारेने बांधला. वरच्या खिडकीतून गल्लीची दोन्ही टोकं दिसतील असा कोन लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"आता आरसे विकताय का?" बेकरीवालीने पलीकडून विचारलं. काकांनी तारेला आणखी एक वेढा दिला. तिने वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि पाव मांडायला घेतले.

पावणेआठला गाडी पिवळ्या घरापाशी लागली. खिडकी उघडली, नेहमीपेक्षा जास्त. काका पायरीवर आले. त्यांनी या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. रस्ता मोकळा होता, अगदी खरोखर मोकळा.

खिडकीतला लहान चेहरा आरशाकडे वळला होता. तो एका बाजूला झुकला, मग दुसऱ्या बाजूला. बोटाला पांढरी पट्टी होती आणि ते बोट गजावर घट्ट होतं.

काकांनी सवयीने मान हलवली. तिकडे कुणी बघत नव्हतं.

थोड्या वेळाने खाली दार उघडलं.