सोनेरी अक्षरांची हातगाडी

मित्रांनो, मी जैनाबादची एक जुनी हातगाडी आहे. खरं सांगायचं तर माझं वय फार नाही. इतर गाड्या चालून चालून झिजतात. मी मात्र उभी राहून राहून जुनी झाले.

माझा जन्म तापीच्या पलीकडे, बुऱ्हाणपूर शहरात, जीवन मिस्त्रीच्या दुकानात झाला. बायकांच्या एका सेवा क्लबनं माझी आणि माझ्या बहिणींची ऑर्डर दिली होती. क्लबातली कुणी शाळेत शिकवणारी, कुणी कापडदुकानदाराच्या घरची, कुणी ऑफिसात जाणारी. घरचं उरकून त्या गावोगाव हिंडत. कुठे शिवणवर्ग, कुठे बायकांची आरोग्य तपासणी, तर दापोरा गावच्या मुलींना शाळेसाठी सायकली. आता ज्या बाईच्या हाताला चव आहे तिला गाडी, शेगडी आणि कढई द्यायची, असा त्यांचा नवा बेत होता.

क्लबच्या अध्यक्षा ज्योत्स्नाताई. त्यांनी दुकानात येऊन, पदर खोचून, मला स्वतः लोटून पाहिलं. मग म्हणाल्या, "जीवनभैया, दांडा खाली घ्या. बायका लोटणार आहेत, पहेलवान नाही." जीवननं कुरकुरत दांडा कापला. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या आणि पुढे जे झालं त्यानंतरही आवडतातच.

मग पेंटर आला. आम्हा सगळ्या बहिणींच्या पुढच्या पत्र्यावर त्यानं एकच मजकूर लिहिला. लाल पट्टीवर मोठी सोनेरी अक्षरं! मला वाचता येत नाही, आणि आपलं कपाळ आपल्याला कुठे दिसतं? पण येणारा-जाणारा थांबून बघायचा, म्हणून मी आपली तोऱ्यात.

हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हार, नारळ, भाषणं, फोटो. क्लबच्या उषाताईंनी माइकवरून बजावलं, "गाडीवरचं लिहिलेलं कुणी पुसायचं नाही हं. दाते कधीही बघायला येतील. पुसलेलं दिसलं तर गाडी दुसऱ्या बहिणीला जाईल. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडीसोबत एक फोटो पाठवायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मिळाले जैनाबादच्या आशाबाईला. ती केळी धुण्याच्या शेडमध्ये मजुरीला जायची. दिवसभर पाण्यात उभं राहून तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. कच्च्या केळ्याचे वेफर्स मात्र ती असे करायची की क्लबच्या बायकांनी चव बघायला मागवलेलं ताट तिथल्या तिथे फस्त केलं होतं. मी तिच्या दारात आले म्हणजे तिचं ते पाण्यातलं उभं राहणं संपणार होतं. तापीचा पूल ओलांडताना ती मला लोटत नव्हतीच, मिरवत होती.

दारात खाटेवर तिचा नवरा भाईदास पडलेला होता. केळीचे घड ट्रकमध्ये भरताना तो वरून पडला आणि त्याची कंबर गेली, ती कायमची. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "आशा, पहिला घाणा मले द्यायचा बरं! मंग गिऱ्हाईक."

"तुमालेच देईन. अन् मीठ कमी झालं म्हणून ओरडसान, माहीत आहे मले."

"बरं, जरा फिरव. लिहेल काय आहे ते पाहू दे."

तिनं मला फिरवलं; माझ्यासारखंच तिलाही वाचता येत नव्हतं. भाईदासनं एकेक शब्द जोडत मोठ्यानं वाचलं, "बेसहारा महिला को सप्रेम भेंट."

बेसहारा म्हणजे जिला कुणाचा आधार नाही ती. माझ्या ज्या अक्षरांचा मला एवढा तोरा होता, ती काय सांगत होती हे मला तेव्हा कळलं. लाजेनं मी चूर झाले.

भाईदास हसला. हसायचं म्हणून हसला. "आशा, मी मेलो का गं?"

"काहीही नका बोलू!" म्हणत तिनं घरातलं लुगडं आणून माझ्या पत्र्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तसंच लुगडं बांधून ती मला चौकात घेऊन निघाली. शेगडी पेटायच्या आधीच वारा सुटला आणि लुगडं उडालं. समोरून गावातलीच भागाबाई येत होती. तिनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "अवं माय! भाईदास गेला? कधी? आपल्याले कोणी सांगितलं बी नाही!"

आशाबाईनं मला तिथूनच मागे वळवलं. ना शेगडी पेटली, ना घाणा निघाला.

भाईदासनं तिला खूप समजावलं. "अवं, अक्षरंच त आहेत. मी वाईट नाही मानत. जाय तू."

"तुमी जित्ते असताना मी हे कपाळावर घेऊन गावात फिरू? मले नाही होणार."

"मंग खरवडून टाक."

"अन् गाडी परत नेली त?"

"मॅडमले सांग मंग."

एकदा ती सांगायला गेलीही. क्लबच्या दारातून तिला आत ज्योत्स्नाताई दिसल्या, कुणा आजारी बाईच्या औषधासाठी धावपळ करत होत्या. आशाबाई दारातूनच परतली. "धर्माची गाय अन् दात का नाय, असं म्हणतीन लोकं," ती भाईदासला म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा शेडमध्ये, पुन्हा पाण्यात.

मी घरामागे भिंतीशी उभी राहिले. अंगावर गोणपाट आणि गोणपाटावर कोंबड्या. पलीकडे केळीचा मळा. पुलावरून इतर गाड्यांच्या घंट्या ऐकू यायच्या. त्यांत माझ्या बहिणी असतील का, असं वाटायचं. मित्रांनो, ऊन-पाऊस सोसता येतो. पण आपल्याला हात आहेत ते कुणी धरत नाही, चाकं आहेत ती कुणी फिरवत नाही, हे सोसवत नाही. मला फार एकटं वाटायचं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मात्र माझी आंघोळ व्हायची. गोणपाट निघायचं, ओला फडका फिरायचा, रिकामी कढई वर चढायची. मी त्या दिवसाची वाट बघत बसायचे, काय सांगू! आशाबाई शेजारी उभी राहून हसायची आणि भागाबाई तिच्या फोनवर फोटो काढायची. पण त्याआधी एक काम असायचं. भाईदासची खाट आत ओढून घ्यावी लागायची. बेसहारा बाईच्या फोटोत नवरा कसा चालेल? तो आतून ओरडायचा, "झाला का फोटो? येऊ का मी जित्ता?" भागाबाई हसायची. आशाबाई डोळे पुसायची.

फोटो गेला की तिकडून उत्तर यायचं, "बहुत अच्छे, आशाताई!" ज्योत्स्नाताई ते मनापासून लिहीत असणार. मग गोणपाट पुन्हा अंगावर.

त्या थंडीत भाईदास खरंच गेला.

ज्योत्स्नाताई भेटायला आल्या. आशाबाईजवळ खूप वेळ बसल्या. निघताना कोंबड्यांचा आवाज ऐकून त्यांनी घरामागे डोकावलं आणि त्यांना मी दिसले. टायर जमिनीत रुतलेले, कढईत पाला.

"आशाताई, ही गाडी... आणि ते फोटो?"

आशाबाईनं सगळं सांगितलं. ज्योत्स्नाताई माझ्याच फळीवर मटकन बसल्या. माझ्यावर कुणी माणूस टेकण्याची ती पहिलीच वेळ.

"मी तुमच्या घरी एकदा आले असते तर..." त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "उद्याच्या उद्या पुसून टाकते हे."

आशाबाई माझ्या पत्र्याकडे बघत राहिली. "राहू द्या मॅडम. आता कुठं खोटं आहे?"

ज्योत्स्नाताई रडल्या. दुसऱ्या दिवशी त्या पेंटरला न सांगता स्वतःच रॉकेल आणि चिंध्या घेऊन आल्या. हात लाल होईपर्यंत घासत बसल्या. माझ्या बहिणींचे पत्रेही त्यांनी असेच पुसले, असं ऐकलं. आता क्लबच्या बायका काहीही देण्याआधी त्या घरी जाऊन चहा घेतात आणि घरात कोण कोण आहे ते विचारतात.

मी आता रोज पुलाच्या तोंडाशी उभी असते. गिऱ्हाइकांची गर्दी असते. आशाबाईचे पाय कोरडे आहेत. माझा पत्रा कोरा आहे, त्यावर तिनं काहीच लिहू दिलं नाही. कामाला लागले म्हणून मी सुखात आहे, असं तुम्हाला वाटेल. तशी आहेही. पण एका माणसाला जावं लागलं तेव्हा माझी चाकं फिरली, हे मनातून जात नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही द्याल. अवश्य द्या. पण देताना घेणाऱ्याचं दुःख त्याच्याच दारावर रंगवून ठेवू नका. आणि फोटो मागवण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. आत कुणीतरी खाटेवर असेल.

रोज सकाळी शेगडी पेटते, तेल तापतं. पहिला घाणा निघतो तो आशाबाई विकत नाही. मीठ जरा जास्त टाकून तो ती कागदावर काढून ठेवते आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणते, "बोला भाऊ, किती देऊ?"